काचेच्या पेटीबाहेरची आई आणि बाबासाहेबांचं 1928चं भाषण

1 ऑगस्टला आपली सगळी माणसं अण्णाभाऊंच्या जयंतीत असतात. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्त्यांत त्या दिवशी मिरवणूक, व्याख्यान, वह्यावाटप. त्याच दिवशी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत आणखी एक कार्यक्रम सुरू होतो आणि त्याकडे आपलं लक्ष जात नाही. 1 ते 7 ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. दारात फ्लेक्स लागतो, एका गोऱ्यागोमट्या बाईच्या मांडीवर गुटगुटीत बाळ असतं आणि खाली लिहिलेलं असतं की आईचं दूध म्हणजे अमृत.

माझा या फ्लेक्सवर आक्षेप आहे. दूध अमृतासारखं नाही असं माझं म्हणणं नाही. ते आहेच, विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे. आक्षेप असा की हा फ्लेक्स फक्त आईशी बोलतो. तिने काय करावं ते सांगतो. तिच्या मालकाने, महापालिकेने, राज्य सरकारने काय करावं याबद्दल त्यावर एक ओळ नसते. दूध पाजणं हे आईचं कर्तव्य, आणि नाही जमलं तर दोषही आईचाच. ही मांडणी कुठून आली आणि हिला पहिला कायदेशीर धक्का कोणी दिला, हे आपल्या तरुणांना माहीत असलं पाहिजे म्हणून हा लेख.

आधी एक प्रसंग सांगतो. वालधुनी नदीच्या काठच्या आमच्याकडच्या एका वस्तीतली बाई. नवरा ठेकेदाराकडे कामाला, ती चार घरची धुणीभांडी करणारी. आठव्या महिन्यातच पोटात कळा आल्या. बाळ 1300 ग्रॅमचं. ज्या दवाखान्यात बाळंत झाली तिथे काचेची पेटी रिकामी नव्हती, म्हणून बाळ दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेलं. बाळाबरोबर बाप गेला. आई टाके घेऊन पहिल्याच दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी तिची छाती दगडासारखी झाली, ताप भरला, दूध गळून गाऊन भिजायला लागला. आणि त्याच दिवशी तिकडे बापाच्या हातात चिठ्ठी आली की पावडरचा डबा घेऊन या. एका शहरात दूध वाया जात होतं आणि दुसऱ्या शहरात दुधाचा डबा विकत घेतला जात होता. चौथ्या-पाचव्या दिवशी ती कशीबशी लोकलने तिकडे पोचली तेव्हा तिला काचेतून बाळ दाखवलं आणि बाहेर बसायला सांगितलं. बाहेर म्हणजे जिन्यात. सासू म्हणाली, हिला दूधच नाही.

दूध होतं. ते काढायची सोय नव्हती. इथे शरीराचा नियम समजून घ्यायला हवा, कारण 'दूध आटलं' या दोन शब्दांखाली पिढ्यान् पिढ्या बायांना गाडलेलं आहे. स्तनातून दूध जितकं बाहेर निघतं तितकं ते नव्याने तयार होतं. साचून राहिलं तर शरीर ते बनवणं थांबवतं. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यातही 32-34 आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ घालता येत नाही. म्हणून त्याला नाकातोंडातून घातलेल्या बारीक नळीने, पुढे वाटी-चमच्याने दूध द्यावं लागतं. म्हणजेच चोखणारं बाळ नसताना आईने हाताने किंवा पंपाने दूध काढत राहायचं, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची, आणि मग दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा काढायचं. रात्रीसुद्धा. पहिले दोन दिवस चीक निघतो तो थेंबांनी मोजण्याइतका. तो टाकून द्यायची पद्धत होती, आजही काही घरांत आहे. 1200 ग्रॅमच्या बाळाला पूर्ण आहार सुरू झाल्यावर दिवसाला साधारण 180 मिलिलिटर दूध लागतं, दर दोन तासांनी 15 मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे. एवढ्या तीन चमच्यांसाठी आईला बाळाजवळ जागा, बसायला खुर्ची, हात धुवायला पाणी, पोटाला जेवण आणि घरी-कामावर न जाण्याची मुभा लागते. त्या बाईकडे यातलं काहीच नव्हतं. पावडरीचं दूध दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतडं सडण्याचा जीवघेणा आजार जास्त आढळतो, त्यामुळे हे तीन चमचे म्हणजे लाडाकोडाचा विषय नाही.

आता इतिहास.

ब्राह्मणी व्यवस्थेने बाळंतपणाला विटाळ ठरवलं. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, दहा-बारा दिवस तिला कोणी शिवायचं नाही. पण नाळ कापायला तर कोणीतरी हवंच. मग गावोगावी सुईणपण मांग, महार, न्हावी अशा जातींतल्या बायांकडे आलं. मूल बाहेर काढायला तिचा हात चालायचा, नाळ कापायला चालायचा, रक्ताचे कपडे तिने धुतलेले चालायचे. अंघोळ झाली की त्याच हाताचं पाणी चालत नसे. जगातला पहिला स्पर्श ज्यांच्या हातून झाला त्यांनाच अस्पृश्य म्हणणाऱ्या समाजाचा हा दांभिकपणा कोणत्याही शाळेच्या पुस्तकात नाही. आणि बाळ गेलं तर? पाचवीला सटवीने लेख लिहिला तो तसाच होता. सातमासी जगतं, आठमासी जगत नाही, ही तर आजही ऐकू येणारी समजूत. ही समजूत धादांत खोटी आहे. पोटात जितके दिवस जास्त तितकी जगण्याची शक्यता जास्त, आठमासी बाळ सातमासीपेक्षा सुरक्षित असतं. पण सटवीच्या नावावर सगळं ढकललं की दवाखाना कोणी मागत नाही.

आईला दूध येत नसेल किंवा ती आजारी असेल तर दुसऱ्या बाईचं दूध बाळाला द्यावं, हे ज्ञान मात्र आपल्याकडे जुनं आहे. 1657 साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी होत्या, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना दूधआई म्हणून आणलं गेलं. धाराऊचं नाव इतिहासात राहिलं, त्यांच्या मुलांना मान मिळाला, ही चांगली गोष्ट. पण हेही बघा की राजाच्या घरी दूधआई आणायची व्यवस्था राज्याने केली. रयतेच्या झोपडीतल्या बाळासाठी व्यवस्था म्हणजे शेजारणीची दया.

आणि हे फक्त गरिबांच्याच वाट्याला आलं असं नाही. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी घ्या. जमीनदार ब्राह्मण घराणं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मुलगा दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, 1886 साली पदवी घेतली, 26 फेब्रुवारी 1887ला वयाच्या बाविसाव्या वर्षाआधीच गेल्या. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे, यात किंतु नाही. फक्त एक नोंदवून ठेवतो. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र असा होता. ज्या बाया खरोखर बाळंतपणं करत होत्या त्या या 'आर्य' शब्दात बसत नव्हत्या. त्याआधी, 1863 साली, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. तिथे फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंत होता येत होतं आणि मूल तिथेच सांभाळलं जात होतं. आई आणि मूल या दोघांची सोय एका छताखाली करणं हा विचार महाराष्ट्रात कोणी आणला, याचं उत्तर फुलेवाड्यात आहे.

विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत हजारो बाया काम करत होत्या. कोकण-घाटावरून आलेल्या, त्यात आपल्या समाजाच्याही कितीतरी. दिवस भरेपर्यंत काम, आणि बाळंतपणानंतर उपाशी राहायचं नसेल तर लगेच पुन्हा काम. मग तान्ह्या बाळाचं काय? त्याला अफूची बाळगोळी देऊन चाळीच्या खोलीत झोपवून ठेवायचं. ही सवय इतकी सर्रास होती की 1920च्या दशकात सरकारी तपासणीत डॉ. बार्न्स या बाईंनी तिची नोंद केली. अफूने सुस्त झालेलं बाळ दूध ओढत नाही, आणि आई घरात नसते. या बायांना तेव्हाचे भद्रलोक अडाणी, निष्काळजी म्हणत. गिरणीमालकाला कोणी निष्काळजी म्हटलं नाही.

जगात मात्र वारं बदललं होतं. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूती संरक्षणाचा ठराव केला. त्यात बाळंतपणाच्या रजेबरोबर कामाच्या वेळेत बाळाला पाजण्यासाठी रोज अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या होत्या. इकडे ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते 1925 साली फेटाळलं गेलं. मग मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात असवले यांनी कारखान्यातल्या बायांसाठी तसंच विधेयक आणलं. 28 जुलै 1928 रोजी त्यावर बाबासाहेब बोलले.

हे भाषण छोटं आहे. आपल्यातले अनेक जण त्याचा उल्लेख 'बाबासाहेबांनी महिलांना प्रसूती रजा दिली' एवढ्या एका वाक्यात उरकतात, आणि व्हॉट्सअॅपवर फिरवतात. ते वाक्य अर्धवट आहे आणि त्याने खरा मुद्दा झाकला जातो. विधेयक असवलेंचं होतं. बाबासाहेबांचं योगदान आहे ते त्यामागच्या तत्त्वाच्या मांडणीत. त्यांचा युक्तिवाद असा : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. ते राष्ट्राच्या हिताचं असेल तर त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी. पण म्हणून मालक सुटत नाही. तो बायांना कामावर ठेवतो ते त्यांच्या श्रमातून त्याला जास्त फायदा होतो म्हणून, तेव्हा खर्चाचा वाटा त्यानेही द्यावा. शेतमजूर बायांना असा लाभ नाही मग कारखान्यातल्या बायांनाच का, या आक्षेपालाही त्यांनी उत्तर दिलं होतं की कारखान्यातल्या कामाची परिस्थिती वेगळी आहे.

या मांडणीत आईच्या कर्तव्याचा पाढा नाही, मातृत्वाची आरतीही नाही. मूल जगवणं हे एकट्या बाईचं खाजगी काम नाही, त्याची किंमत राज्याने आणि भांडवलाने चुकवायची आहे, एवढं स्वच्छ गणित आहे. 1929 साली कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना 1943 साली बाबासाहेबांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. तत्त्व तेच.

हे भाषण करणाऱ्या माणसाचं त्या वेळचं घर आठवा. रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. राजरत्न गेला तो जुलै 1926 मध्ये. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, जुलैतच, बाबासाहेब कायदेमंडळात उभे राहून बाळंतिणीच्या विश्रांतीबद्दल बोलत होते. स्वतःच्या दुःखाचं भांडवल न करता त्यांनी हिशोब मांडला. नवरा परदेशी शिकत असताना एका खोलीत, अपुऱ्या पैशांत लेकरं वाढवणाऱ्या रमाईंना कोणता लाभ मिळाला होता? मला वाटतं, रमाईंचं चरित्र आपण त्यागाची कथा म्हणून फार सांगितलं आणि सार्वजनिक आरोग्याची कथा म्हणून फार कमी सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर 1961चा प्रसूती लाभ कायदा आला. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या त्यात होत्या. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. याच कायद्यात एक कलम अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा उल्लेख करतं, पण कसा? त्यामुळे आई आजारी पडली तर जास्तीत जास्त एक महिना जादा रजा. आई ठणठणीत असेल आणि बाळ काचेच्या पेटीत असेल तर? कायद्याला ते बाळ दिसत नाही. 28 आठवड्यांचं बाळ आपल्या मूळ तारखेपर्यंत यायलाच 12 आठवडे जातात. कायद्याची रजा सगळ्यांना सारखीच, दिवस भरलेल्या बाळालाही आणि याही बाळाला. आणि हे सगळं जिची नोकरी कागदावर आहे तिच्यासाठी. घरकामगार, नाक्यावरची बिगारी, ठेक्यावरची सफाई कामगार यांना या कायद्यातून काय मिळतं ते आपल्याला माहीत आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर बाळंतपणाला मदत मिळते, नैसर्गिक असेल तर 15 हजार आणि शस्त्रक्रियेचं असेल तर 20 हजार. पण नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते नाक्यावरच्या बायांना विचारा. नवजात कक्षाची फरशी जी मावशी पुसते तीच ठेक्यावर असेल आणि तिचंच बाळ सातव्या महिन्यात झालं तर ती कितव्या दिवशी पुन्हा फरशी पुसायला येईल, याचा विचार करा.

आता सायनकडे वळतो, कारण ठाणे-कल्याणच्या आयांचा रस्ता शेवटी मध्य रेल्वेने तिकडेच जातो. लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय, म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल. धारावी समोर. 1970च्या दशकाच्या शेवटी तिथल्या नवजात विभागात डॉ. अर्मिडा फर्नांडिस काम करू लागल्या तेव्हा जंतुसंसर्गाने बाळं मोठ्या संख्येने दगावत होती. परदेशी पुस्तकांप्रमाणे यंत्रं आणायला पैसा नव्हता. त्यांनी बाटली आणि पावडर बंद करायचं ठरवलं आणि बाहेर बसवलेल्या आयांना आत घेतलं. धारावीच्या, निरक्षर, पडक्या लुगड्यातल्या बाया, ज्यांना तोपर्यंत जंतू घेऊन येणाऱ्या म्हणून दाराबाहेर ठेवलं जात होतं, त्याच बाळाची काळजी घेणाऱ्या झाल्या. मृत्यू कमी झाले. मग ज्या बाळांच्या आया वारल्या आहेत, फार आजारी आहेत किंवा दूर आहेत त्यांच्यासाठी 27 नोव्हेंबर 1989 रोजी तिथे मानवी दुधाची पेढी सुरू झाली. आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. युरोपात पहिली पेढी 1909 साली व्हिएन्नात निघाली होती. पण 1980च्या दशकात एड्सच्या भीतीने पाश्चात्त्य देशांत अनेक पेढ्या बंद होत होत्या, आणि त्याच काळात धारावीच्या वेशीवर एक उघडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पेढीचं काम कसं चालतं ते बघा. दान देणाऱ्या बाईच्या एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोग अशा तपासण्या होतात. ज्यांचं दूध स्वतःच्या बाळाला पुरून उरतं त्यांचंच घेतलं जातं. अनेक बायांचं दूध एकत्र केलं जातं, 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं तापवलं जातं, पुन्हा जंतुतपासणी होते आणि गोठवून ठेवलं जातं. एकत्र केलं जातं, हे शब्द पुन्हा वाचा. 1927च्या मार्चमध्ये महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तर तळं बाटलं म्हणून शेणगोमूत्राने शुद्ध केलं गेलं. त्यानंतर बासष्ट वर्षांनी सायनला कोणत्या जातीच्या बाईचं दूध कोणत्या जातीच्या बाळाच्या नळीत गेलं हे कोणालाही सांगता येत नव्हतं, आणि शुद्धीकरण गोमूत्राने नव्हे, तापमापक लावून होत होतं. जातीचा अभिमान मिरवणारे कितीतरी लोक आज असे असतील की ज्यांच्या हाडात धारावीच्या बाईचं दूध आहे. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुस्लिम कुटुंबांत दूधनात्याचा प्रश्न असतो, एका बाईचं दूध प्यायलेल्या मुलांत लग्न होत नाही, म्हणून मिसळलेल्या दुधाबद्दल शंका असते. मुंब्रा-भिवंडीच्या पट्ट्यात काम करताना ही शंका हसण्यावारी न्यायची नाही, बसून बोलायचं.

पण पेढी म्हणजे सर्वस्व नव्हे. तापवल्याने दुधातली काही रोगप्रतिकारक तत्त्वं कमी होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी त्याच्याच आईचं ताजं दूध पहिलं, पेढीचं दुसरं, पावडर शेवटची. म्हणजे प्रश्न फिरून तिथेच येतो, आई कुठे आहे?

कोलंबियात बोगोटा शहरात 1978च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. गरिबांच्या दवाखान्यातली ही तोड, तिला पुढे कांगारू मदर केअर नाव मिळालं. छातीवर बाळ असलं की दूधही जास्त येतं. 2021 साली भारतासह पाच देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात असं त्यात आढळलं. त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच ठेवली होती. आपल्या महाराष्ट्रात तर त्याही आधी गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावच्याच कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरीच बाळाला ऊब कशी द्यायची, आईचं दूध काढून चमच्याने कसं पाजायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. पुढे देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळ बघतात ती योजना यातूनच आली. ज्ञान जन्माने येत नाही, शिकवल्याने येतं, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणाला हवा?

मग एवढं सगळं माहीत असताना ती बाई जिन्यात का बसली होती?

याचं एक कारण बाजार आहे. 1992 साली देशात बालदूध पर्यायी पदार्थ आणि बाटल्यांचा कायदा झाला. पावडरच्या डब्याची जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टर-नर्सला भेटी, सगळ्यावर बंदी. 1991 साली वर्ध्यात स्थापन झालेल्या बीपीएनआय या संघटनेने आणि मुंबईच्या 'अकाश' या ग्राहक संघटनेने त्यासाठी पाठपुरावा केला. बंदी असली तरी चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहिणारा पेन थांबत नाही.

दुसरं कारण आरोग्यव्यवस्थेतली भिंत. 9 जानेवारी 2021च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली. 17 बाळं होती, 7 वाचली, 10 गेली. त्या रात्री त्या काचेच्या आड आया असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न चौकशी समितीचा नव्हता. माझा आहे. जी आई बाळाजवळ झोपली असेल ती धुराचा वास येताच बाळ उचलून पळाली असती. केंद्र सरकारने 2017 सालीच कुटुंबाला नवजात कक्षात सामावून घ्यायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे आईला आत घ्या हे आपलं उपकार मागणं नाही, सरकारचाच कागद आहे.

तिसरं कारण गर्दी. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ज्या वेगाने वाढली त्या वेगाने खाटा वाढल्या नाहीत. कल्याण-डोंबिवलीत रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर, ठाण्यात सिव्हिल आणि कळवा, पुढे उल्हासनगर. शहापूर, मुरबाड, भिवंडीची बाळंतीण यांतूनच कुठेतरी येते, आणि नाहीच जमलं तर सायन, केईएम, वाडिया. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याला 24 तासांत 18 रुग्ण दगावले तेव्हा सगळ्यांना या भाराची आठवण झाली आणि महिन्याभरात विसरही पडला. बाळ एका दवाखान्यात आणि आई दुसऱ्या, ही पद्धत या भारातून आली. पण त्यावर उपाय दुर्मीळ यंत्राचा नाही. बाळाबरोबर आईचीही बदली करा. रुग्णवाहिकेत तिलाही घ्या. तिला तिथे खाट द्या, दोन वेळचं जेवण द्या, आणि बाळ आत असेपर्यंत तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला आणि आजारी बाळाला औषध, तपासणी, वाहन फुकट आहे. बाळंतिणीला जेवणही फुकट आहे, पण ते तिच्या स्वतःच्या मुक्कामापुरतं, बाळासाठी महिनाभर थांबलेल्या आईसाठी त्यात दिवस मोजलेले नाहीत.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पाचव्या दिवशी संध्याकाळची पाळी बदलली आणि एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी जिन्यातल्या बाईला आत बोलावलं, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, एक प्लास्टिकची खुर्ची आणि उकळलेली वाटी दिली आणि स्वतः शेजारी उभं राहून दूध कसं काढायचं ते दाखवलं. पाऊण तासात सहा मिलिलिटर निघालं. सातव्या दिवशी चाळीस. सिस्टरने हे कोणत्याही योजनेखाली केलं नव्हतं, आणि दुसऱ्या पाळीत ती खुर्ची पुन्हा काढून घेतली जायची. अडतिसाव्या दिवशी बाळ 1750 ग्रॅमचं होऊन घरी आलं. त्या अडतीस दिवसांत तिची चारपैकी तीन घरची कामं सुटली.

आम्ही काही जणांनी यंदा जयंतीच्या वर्गणीतून दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प घेतले आणि माहिती अधिकाराचे अर्ज तयार केले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सक. नवजात कक्षात गेल्या वर्षी किती बाळं बाहेरच्या दवाखान्यातून आली, त्यातल्या किती जणांची आई बरोबर आणली गेली, आयांसाठी किती खाटा, किती जेवणं, कांगारू केअरसाठी वेगळी जागा आहे का, पावडरचा डबा बाहेरून आणायला सांगण्याचा लेखी नियम आहे का, ठेक्यावरच्या महिला कर्मचाऱ्यांपैकी किती जणींना गेल्या पाच वर्षांत पगारी प्रसूती रजा मिळाली. शेवटचा प्रश्न लिहिताना आमच्यातल्या एका पोराला हसू आलं. नवजात कक्षात मातेला बसून दूध काढण्यासाठी एकूण किती खुर्च्या उपलब्ध आहेत? त्याला वाटलं साहेब लोक वेड्यात काढतील. प्रश्न तसाच ठेवला आहे.